गेम कोणता घ्यायचा? वर्षभर खेळलेल्या जोड्यांची तुलना

गेम घ्यायचा म्हटले की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. ग्राफिक्स कसे आहेत आणि किती तासांचा आहे. वर्षभर रात्री तासभर, कधी त्याहूनही कमी, असे खेळल्यावर माझ्या लेखी या दोन्ही प्रश्नांना फारसे महत्त्व उरलेले नाही. त्यांच्या जागी दुसरे दोन आले आहेत. मध्येच उठावे लागले तर हा गेम काय करतो? आणि दोन-तीन आठवडे हात लावला नाही तर परत शिरायला किती त्रास होतो?

शंभर तासांचा गेम सुट्टीत सलग खेळणाऱ्याला एक अनुभव देतो आणि रोज तुकड्यातुकड्याने खेळणाऱ्याला भलताच दुसरा. परीक्षणे लिहिणारे बहुधा पहिल्या प्रकारचे असतात, कारण त्यांना ठरलेल्या तारखेपर्यंत गेम संपवायचा असतो. त्यामुळे त्यांचे म्हणणे खरे असले तरी ते आपल्या कामाचे असेलच असे नाही. खालच्या जोड्या मी त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी लावल्या आहेत. गुण किंवा तारे दिलेले नाहीत. कोणी कोणता घ्यावा, एवढेच सांगते.

एल्डन रिंग की ब्रेथ ऑफ द वाइल्ड

ब्रेथ ऑफ द वाइल्ड 3 मार्च 2017 ला आला आणि एल्डन रिंग 25 फेब्रुवारी 2022 ला. दोन्हींत मोठे मोकळे जग आहे आणि दोन्हींनी नकाशावर खुणांचा सडा घालण्याचे टाळले आहे. लांब डोंगरावर काही विचित्र दिसले तर तिकडे चालू लागायचे. तिथे काय आहे ते तिथे पोहोचल्यावरच कळते. म्हणूनच ‘यातला एक घ्यायचा आहे, कोणता?’ हा प्रश्न इतक्यांना पडतो.

ब्रेथ ऑफ द वाइल्डची सुरुवात एका उंच पठारावर होते. तिथल्या चार श्राइनमध्ये, म्हणजे कोड्यांच्या छोट्या देवळांत, चार शक्ती मिळतात, मग पॅराग्लायडर हातात पडतो आणि त्यानंतर गेम जवळपास बोलणेच थांबवतो. हवे तर त्याच क्षणी सरळ किल्ल्यावर जाऊन शेवटच्या शत्रूला भिडा, कोणी अडवत नाही. एकूण 120 श्राइन आहेत, आणि बहुतेक पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. तुकड्यांत खेळणाऱ्याला यासारखी दुसरी सोय नाही. एक श्राइन सोडवली आणि बंद केले, तरी आज काहीतरी पदरात पडले असे वाटते.

एल्डन रिंग पहिल्या पाच मिनिटांतच आपला स्वभाव दाखवतो. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर आलात की समोरच्या मैदानात सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. नवखा माणूस त्याच्यावर धावून जातो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. गेमची सगळी शिकवण त्या एका मरणात आहे: हे आत्ता तुझे काम नाही, दुसरीकडे जा, वाढ, मग परत ये. हे ज्याला पटले त्याला पुढचे जग उलगडत जाते. ज्याला समोरचा शत्रू सोडून जाणे कमीपणाचे वाटते, तो किल्ल्याच्या दाराशी मार्गिट या बॉससमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या शत्रूसमोर, आठवडे घालवतो आणि गेमला शिव्या घालतो.

एल्डन रिंगमध्ये सोपे-मध्यम-अवघड असा पर्यायच नाही, यावरून खूप वाद झाले. मला तो वाद अर्धवट वाटतो. सोपे करण्याची सोय मेनूत नाही, नकाशात आहे. मदतीला बोलावता येणारे आत्मे आहेत, इतर खेळाडूंना हाक मारता येते, बाजूच्या गुहांत फिरून लेव्हल वाढवता येते, बऱ्याच बॉसच्या जवळच पुन्हा जिवंत होण्याची जागा दिलेली आहे. या सोयी वापरणाऱ्याला कमी लेखणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. आणि गंमत म्हणजे ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही सोपा पर्याय नाही. तिथे फक्त अधिक अवघड मास्टर मोड आहे आणि तोही जादा पैसे मोजून. तरी त्याच्यावर कोणी ओरडले नाही, कारण पोतडीत भरपूर शिजवलेले अन्न ठेवले की कोणत्याही लढाईत मध्येच थांबून, खाऊन, जीव भरून काढता येतो.

मध्येच थांबून, हे महत्त्वाचे. एल्डन रिंगला पॉझ नाही. एकटे, ऑफलाइन खेळत असलात तरी नकाशा उघडला म्हणून शत्रू थांबत नाहीत. फोन वाजला की आधी सुरक्षित कोपरा शोधायचा. शिवाय मेल्यावर जमवलेले रून, म्हणजे तिथला पैसाही तोच आणि अनुभवही तोच, मेल्या जागी पडून राहतात. ते उचलायला जाताना पुन्हा मेलात तर कायमचे गेले. त्यामुळे ‘आता बंद करते’ हे वाक्य जिभेवर येते आणि हात ऐकत नाही, कारण रून तिकडे पडलेले असतात. न्यायाने सांगायचे तर गेम सतत आपोआप सेव्ह होत असतो, मेनूतून बाहेर पडलात तर बहुतेक वेळा जिथे होता तिथेच परत उभे राहता. म्हणजे झोप आली तर निभावते, दाराची बेल वाजली तर नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड हातात धरायच्या कन्सोलवर खेळता येतो. बटण दाबले, स्क्रीन काळी झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बटण दाबले तर गेमचा नायक लिंक त्याच कड्यावर लटकलेला. ही सोय कागदावर क्षुल्लक दिसते, पण वर्षाच्या हिशेबात तिनेच सर्वाधिक फरक केला.

आता खंड पडल्यानंतरचे. महिनाभर न खेळता एल्डन रिंगमध्ये परतणे म्हणजे बोटांना सगळे नव्याने शिकवणे. कोणत्या हल्ल्याला कधी कोलांटी मारायची हे ज्ञान डोक्यात नसतेच, ते अंगठ्यात असते, आणि अंगठा विसरतो. त्यात कामांची यादी नाही. कोणत्या पात्राने कुठे बोलावले होते हे तुम्हीच लक्षात ठेवायचे. 1.03 या अपडेटपासून भेटलेली पात्रे नकाशावर दिसू लागली, तेवढा एक आधार. माझा उपाय साधा होता: शेजारी वही, आणि परतल्यावर पहिला अर्धा तास जुन्या, ओळखीच्या भागात किरकोळ शत्रूंशी लढून हात बसवणे. उपाय चालतो, पण खेळायला एकच तास असेल तर त्यातला अर्धा असा जातो हेही खरे. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये मात्र ॲडव्हेंचर लॉग या नोंदवहीत काम लिहिलेले असते आणि बोटांना लक्षात ठेवायचे थोडेच असते.

ब्रेथ ऑफ द वाइल्डबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, शस्त्रे तुटतात. मला हे सुरुवातीला आवडले, कारण त्यामुळे हाताला लागेल ते वापरून पाहिले जाते. पुढे मात्र चांगली तलवार ‘मोठ्या लढाईसाठी’ जपून ठेवायची सवय लागते आणि ती लढाई कधी येतच नाही. दुसरी, पाऊस. चढताना पाऊस लागला की हात घसरतात आणि अर्ध्या कड्यावर नुसते लटकून राहावे लागते. शस्त्रांपेक्षा पावसाने मला जास्त छळले.

जाता जाता एक इशारा. त्या जगात 900 कोरोक बिया लपवल्या आहेत. सामानाच्या सगळ्या जागा वाढवायला 441 पुरतात. उरलेल्या गोळा करण्याचे बक्षीस म्हणजे शेणाच्या गोळ्याच्या आकाराची एक सोनेरी वस्तू आहे. निर्मात्यांनी सर्व काही गोळा करणाऱ्यांची केलेली ही थट्टा मला फार आवडते, पण तिच्यापायी कोणी महिने घालवू नयेत.

तर: आठवड्यातून दोनदा तरी सलग दीड-दोन तास, दार लावून बसता येत असेल, तर एल्डन रिंग घ्या. मोठ्या बॉसला हरवल्यावर जे वाटते ते दुसरा गेम देत नाही, आणि लेंडेल ही राजधानी पहिल्यांदा वरून दिसते तेव्हा हातातला पॅड नकळत खाली जातो. वेळ तुटक असेल तर ब्रेथ ऑफ द वाइल्ड. अर्थात तो फक्त निंटेंडोच्या कन्सोलवर आहे. एल्डन रिंग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स सगळीकडे चालतो. कित्येकांचा निर्णय इथेच होऊन जातो.

हेडीज की बालाट्रो

छोटी फेरी, मेलात की पहिल्यापासून, प्रत्येक वेळी वेगळी पाने किंवा वेगळे वरदान, असा हा प्रकार. कमी वेळ असणाऱ्याला सगळे हेच सुचवतात. सल्ला बरोबर आहे, पण या प्रकारातले गेम एकमेकांहून फार वेगळे आहेत.

हेडीज हा सुपरजायंट गेम्सचा, 2020 च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण रूपात आला. मृतांच्या जगाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळू पाहतो. टार्टारस, ॲस्फोडेल, एलिझियम आणि शेवटी स्टिक्स असे टप्पे पार करत वर जायचे. मेलात की तुम्ही पुन्हा घरी, रक्ताच्या कुंडातून बाहेर. या प्रकारातले बाकी बहुतेक गेम मरणाला शिक्षा मानतात, इथे मरण हाच गोष्ट पुढे सरकण्याचा मार्ग आहे. घरी परतल्यावर कोणीतरी काहीतरी नवे बोलते, आत्ता कोणी मारले त्यावरून टोमणा मारते, अर्धवट राहिलेला जुना विषय काढते. लेखन इतके भरगच्च आहे की कितीतरी फेऱ्या झाल्या तरी तेच वाक्य पुन्हा ऐकल्याचे मला क्वचितच आठवते.

एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. मध्येच सोडली तर चालू खोलीच्या सुरुवातीपासून पुढे खेळता येते. हात कमी चालत असतील तर गॉड मोड आहे: सुरू केल्यावर वीस टक्के कमी मार बसतो, आणि प्रत्येक मरणानंतर त्यात दोन टक्क्यांची भर पडते, ती ऐंशीपर्यंत. अवघडपणावर इतका सुरेख तोडगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही, कारण तो ‘तुला जमत नाही’ असे न म्हणता आपोआप मदत वाढवत नेतो. मूळ कथेचा शेवट पाहायला दहा वेळा यशस्वी सुटका करावी लागते, हे आधीच माहीत असलेले बरे. पहिल्यांदा सुटल्यावर गेम संपला असे समजून सोडणारे लोक मला ठाऊक आहेत.

बालाट्रो पत्त्यांचा आहे. 20 फेब्रुवारी 2024 ला आला, लोकलथंक हे टोपणनाव घेतलेल्या एका कॅनेडियन माणसाने बनवला. पोकरमधले हात वापरतो पण समोर कोणी खेळाडू नाही आणि खरा पैसाही नाही. गेमची वयोमर्यादा ठरवणाऱ्या युरोपच्या पेगी मंडळाने एकदा त्याला 18 वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का मारला होता, पुढे तो 12 वर आणला. तो सुधारलेला शिक्काच मला योग्य वाटतो.

हिशेब असा. प्रत्येक हाताला चिप्स असतात आणि गुणक असतो. पेअरला, म्हणजे सारख्या दोन पानांना, 10 चिप्स आणि गुणक 2. दोन राजांची पेअर लावली की 10 मध्ये राजांचे 10-10 मिळून 30, गुणिले 2, म्हणजे 60. पहिल्या डावाला लागतात 300. चार हातांत 60 च्या गतीने भागत नाही. आता गुणक 4 ने वाढवणारा साधा जोकर जवळ असेल तर तीच पेअर 30 गुणिले 6, म्हणजे 180 देते. फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, लावला तर 35 चिप्स आणि गुणक 4, वर पानांचे गुण, आणि एक्का-राजासारखी वरची पाने असली तर पहिला डाव एका हातात खलास. असे 150 प्रकारचे जोकर आहेत, एका वेळी साधारण पाचच ठेवता येतात, आणि ते एकमेकांवर ज्या प्रकारे चढत जातात त्यात सगळा खेळ आहे. तीन-तीन डावांचे आठ टप्पे पार केले की जिंकलात.

परतण्याच्या कसोटीवर बालाट्रोला तोड नाही. सहा महिन्यांनी उघडा, काहीही आठवावे लागत नाही. कुठल्याही क्षणी बंद करा, तिथूनच चालू. फोनवरही आहे. आणि नेमकी हीच त्याची अडचण. हेडीजमध्ये घरी परतणे हा नैसर्गिक थांबा असतो. चार पात्रांशी बोललात, मन भरले, बंद केले. बालाट्रोमध्ये हरल्यावर समोर फक्त ‘नवा डाव’ हे बटण असते आणि डोक्यात ‘तो दुसरा जोकर घेतला असता तर’ हा किडा. रात्री झोपण्याआधी खेळायचा गेम हा नव्हे. दुपारी चालेल.

पत्त्यांचेच पण अधिक विचाराचे हवे असेल तर स्ले द स्पायर पाहा. त्यात शत्रू पुढच्या खेपेला काय करणार हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसते, त्यामुळे हरल्यावर नशिबाला दोष देता येत नाही. बालाट्रोची चटक आणि याची शिस्त यांत मी स्वतः शिस्तीकडे झुकते, पण पहिल्यांदाच या प्रकाराकडे वळणाऱ्याला बालाट्रोच द्यावा.

या दोघांत कोणता? ज्याला माणसे हवीत त्याने हेडीज. ज्याला मनगटाचा त्रास आहे त्याने बालाट्रो, कारण हेडीजमध्ये बटणे सतत आपटावी लागतात आणि लांब फेरीनंतर ते जाणवते.

ओब्रा डिन की आउटर वाइल्ड्स

हे दोन्ही एकदाच खेळता येतात. रहस्य कळले की गेम संपला, पुन्हा खेळून ती मजा येत नाही. म्हणून क्रम आणि वेळ नीट निवडावी.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हा लुकास पोप याचा, 2018 चा. 1802 साली निघालेले आणि हरवलेले जहाज 1807 मध्ये एकाएकी बंदराशी येऊन लागते, वर एकही जिवंत माणूस नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. हातात एक घड्याळ, जे प्रेताजवळ नेले की त्या मृत्यूचा क्षण समोर गोठून उभा राहतो. जहाजावरच्या 60 जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे काय झाले हे वहीत भरायचे. तीन जणांचे बरोबर भरले की मगच वही ते पक्के करते, त्यामुळे आंधळे अंदाज चालत नाहीत. चित्र जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखे, फक्त दोन रंगांत. पहिली दहा मिनिटे डोळ्यांना खुपते, मग लक्षातही येत नाही.

एखाद्याच्या बोलण्याची ढब, झोपायच्या झोळीला लावलेला क्रमांक, बुटांचा रंग, असल्या गोष्टींवरून माणूस ओळखायचा असतो. हे सगळे डोक्यात एकाच वेळी ताजे असावे लागते. वही तुमचे निष्कर्ष सांभाळते, तुमच्या शंका सांभाळत नाही. म्हणून हा गेम आठवड्या-दोन आठवड्यांत उरकावा, मध्ये लांब खंड पडला तर तो फार विसकटतो. तसा तो लांबही नाही, दहा-बारा तासांत संपतो.

आउटर वाइल्ड्स 2019 चा. मूळ ॲलेक्स बीचम याच्या विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रकल्पातून वाढलेला. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी अवकाशयान आणि बावीस मिनिटे. बावीस मिनिटांनी सगळे पुन्हा सुरुवातीला येते. तुमच्याकडे वाढत जाणारे काही नसते, ना शस्त्र ना ताकद. वाढते ते फक्त तुम्हाला काय कळले आहे ते. शेवटच्या जागी पहिल्याच फेरीतही जाता येईल, पण कसे जायचे हे ठाऊक नसते. मला या वर्षात याहून हुशार रचना भेटली नाही.

तुटक वेळ असणाऱ्यासाठी बावीस मिनिटांची फेरी सोयीची, आणि यानातली नोंदवही कुठे काय सापडले, कुठे अजून काही बाकी आहे हे जाळ्याच्या रूपात दाखवते. त्यामुळे खंड चालतो. अडचण वेगळी आहे. यान उडवणे खरोखर अवघड आहे, सुरुवातीला ग्रहावर उतरण्याऐवजी आपटणेच जास्त होते, आणि ज्यांना फिरत्या दृश्याने मळमळते त्यांनी जपून राहावे. तसेच हाताला धरून नेणारे कोणी नसल्याने पहिले दोन-तीन तास ‘करायचे काय’ या प्रश्नात जातात. तिथे कंटाळून बरेच जण सोडतात. थोडी कळ काढा, आणि काही झाले तरी उत्तरे शोधून वाचू नका.

दोन्ही खेळायचेच असतील तर आधी ओब्रा डिन. आउटर वाइल्ड्सनंतर लगेच दुसरा रहस्याचा गेम हातात धरवत नाही.

स्टारड्यू व्हॅली की ॲनिमल क्रॉसिंग

दोन्ही शांत, दोन्हींत शेती, घर, शेजारी. फरक घड्याळाचा आहे आणि तोच पुरेसा आहे.

एरिक बॅरोन याने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून बनवलेल्या स्टारड्यूमध्ये एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा आणि एक ऋतू 28 दिवसांचा. झोपायला गेलात तरच सेव्ह होते. म्हणजे गेम सोडायचा तर दिवस संपवावा लागतो, आणि दिवस संपला की उद्याचे पीक दिसू लागते. पण तुम्ही वर्षभर आला नाहीत तरी तिथे एक पानही हलत नाही.

ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स खऱ्या घड्याळावर चालतो. बाहेर रात्र तर तिथेही रात्र. महिनाभर गेला नाहीत तर तण माजते आणि शेजारी कुठे होतात म्हणून विचारतात. रविवारी घेतलेले सलगम पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर कुजतात. रोज वीस मिनिटे नेमाने देणाऱ्याला हे गोड वाटते. अनियमित माणसाला तोच गेम कर्तव्यासारखा वाटू लागतो. माझे तसेच झाले, म्हणून माझे मत स्टारड्यूला.

स्टारड्यू घेणाऱ्यांना एकच सांगणे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन शेताचे मूल्यमापन करतो, या भीतीने पहिली दोन वर्षे घाईत काढू नका. नंतर हिरा वाहून ते पुन्हा करून घेता येते.

डिस्को एलिझियम की बाल्डर्स गेट 3

हे दोन्ही वाचणाऱ्यांचे आणि फासे टाकणाऱ्यांचे.

बाल्डर्स गेट 3, लॅरियनचा, ऑगस्ट 2023 चा. लढाई आळीपाळीने होते, त्यामुळे हवे तितके थांबा, जवळपास कुठेही सेव्ह करा. मग तो तुटक वेळेला योग्य असायला हवा, आणि पहिल्या अंकात तो आहेही. तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की कामे, पात्रे, सामान यांचा इतका गुंता होतो की दोन आठवडे खंड पडला तर आपल्याच पोतडीतल्या निम्म्या वस्तू का ठेवल्या होत्या ते आठवत नाही. मित्रांबरोबर खेळणार असाल तर ठरलेला वार असू द्या, नाहीतर गेम अर्ध्यात लटकतो.

डिस्को एलिझियममध्ये लढाईच नाही. स्मृती हरवलेला पोलीस, एक खून, आणि डोक्यात भांडणाऱ्या 24 वृत्ती. तुमची तर्कबुद्धी एक सांगते, भीती दुसरे, गर्व तिसरेच, आणि त्यातले कोणीही खरे बोलत असेलच असे नाही. दोन फाशांवर निर्णय होतो. पांढरी परीक्षा हुकली तर पुढे पुन्हा देता येते, लाल एकदाच. हरलात तरी गोष्ट थांबत नाही, उलट कधी कधी हरण्यातूनच सर्वांत चांगले प्रसंग येतात, म्हणून आधीचे सेव्ह उघडून फासा बदलू नये. शब्द दहा लाखांहून अधिक आहेत आणि इंग्रजी साहित्यिक वळणाचे आहे. 2021 च्या फायनल कट या आवृत्तीत सगळे आवाजात ऐकता येते, ते लावूनच खेळावे. दिवसभर स्क्रीनवर वाचण्याचेच काम करणाऱ्याने मात्र हा सुट्टीसाठी ठेवावा.

वेळ थोडा असेल तर डिस्को. सोबत मित्र असतील तर बाल्डर्स गेट.

ऑनलाइन स्पर्धेचे गेम मी या तुलनेत घेतलेले नाहीत. तिथे मध्येच उठणे म्हणजे दुसऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडणे, आणि बहुतेक ठिकाणी त्याची शिक्षाही होते. तसे काही हवेच असेल तर रॉकेट लीगचा सामना घड्याळी पाच मिनिटांचा असतो, एवढी सवड बहुतेकांना मिळते.

पहिल्या जोडीचे पुढचे भाग

ज्यांनी पहिल्या जोडीतला एखादा संपवला आहे त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एल्डन रिंगचा शॅडो ऑफ द एर्डट्री हा विस्तार 21 जून 2024 ला आला. तो विकत घेतला म्हणून लगेच उघडत नाही, मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस आधी हरवावे लागतात, आणि मोगपर्यंत पोहोचणे म्हणजे बराच गेम खेळून झालेला असणे. आत गेल्यावर तुमची जुनी लेव्हल फारशी कामाला येत नाही, तिथल्या जमिनीत विखुरलेले स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून ताकद वाढवायची. मूळ गेम नुकताच संपवला असेल, हात गरम असेल, तर आत्ताच घ्या. वर्षापूर्वी संपवला असेल तर विस्तारात थेट शिरणे हा स्वतःचा छळ आहे. नव्या पात्राने मूळ गेम पुन्हा सुरू करणे त्याहून सुखाचे.

ब्रेथ ऑफ द वाइल्डनंतरचा टिअर्स ऑफ द किंगडम मे 2023 चा. जमीन तीच, पण वर आकाशातली बेटे आणि खाली अंधारे भुयारी जग. अल्ट्राहँडने फळ्या, चाके, पंखे जोडून वाहने करता येतात, आणि फ्यूजने कुठल्याही काठीला दगड किंवा राक्षसाचे शिंग लावून शस्त्र बनते. शस्त्रे तुटण्याची जुनी तक्रार यामुळे बरीच निवते. पाऊस अजूनही घसरवतो. यात श्राइन 152 आहेत, कोरोक हजार. आधीचा गेम नुकताच खेळला असेल तर वर्षभर थांबून हा घ्या, कारण ओळखीची जमीन थोडी विसरलेली असली तरच तिचे बदललेले रूप पाहण्यात मजा आहे. आणि वाहने बांधायला सोपी वाटली तरी एक साधी गाडी चालती करण्यात संध्याकाळ जाते, तेवढी सवड असेल त्या दिवशीच चाकांना हात लावा.